पडद्यावरचा शोध, वर्गातली उलटतपासणी

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहायचं. ‘अंकुराची वाढ’ पाहणाऱ्यांना बी फुटून वेल वर चढताना डोळ्यांदेखत दिसली. जे व्हायला कितीतरी दिवस लागले होते, ते पडद्यावर काही क्षणांत उरकलं. या माध्यमाचा स्वभाव त्यातून उघड होतो. चित्रपट वेळ गाळतो. वाटाण्याच्या बाबतीत गाळलेलं परत मिळवणं सोपं आहे, कुंडीत वाटाणा लावायचा आणि वाट पाहायची. वैज्ञानिक शोधाच्या चित्रपटात मात्र त्या गाळलेल्या वेळेत फसलेले प्रयोग असतात, दुसऱ्या कुणाची तरी मोजमापं असतात, मतभेद असतात, कंटाळवाणी आकडेमोड असते. खरं म्हणजे विज्ञान तिथेच असतं. कॉलेजच्या वर्गात असा चित्रपट वापरायचा, तर हे गाळलेलं शोधून विद्यार्थ्यांसमोर ठेवणं हे शिक्षकाचं काम आहे.

कॉलेजांत चित्रपट दाखवले जात नाहीत असं नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सभागृहात पडदा लागतो, तिन्ही वर्षांचे विद्यार्थी दाटीवाटीने बसतात, चित्रपट संपतो, आभारप्रदर्शन होतं. त्यातून मिळणारा उत्साह मोलाचाच आहे. पण ‘एकट्या माणसाला एका रात्रीत सुचलं’ अशी समजूत घेऊन जो विद्यार्थी बाहेर पडतो, तो पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग तीनदा चुकलं की स्वतःला नालायक ठरवतो. शोध कसा लागतो याची चुकीची कल्पना महागात पडते, आणि ती बहुतेकदा मनापासून बनवलेल्या चांगल्या चित्रपटांतूनच येते.

म्हणून एक नियम पाळावा असं मला वाटतं. पडद्यावरच्या प्रत्येक प्रसंगाशेजारी त्या प्रसंगाचा मूळ पुरावा ठेवायचा. शोधनिबंधाचं एखादं पान, आकड्यांचा तक्ता, एखादं छायाचित्र, काहीही चालेल. दोन्हींची तुलना करताना जिथे फट दिसेल, तिथे थांबायचं आणि वर्गाला बोलू द्यायचं.

आधी प्रसंग निवडा

पन्नास मिनिटांच्या तासात दोन तासांचा चित्रपट मावत नाही, आणि तो तुकड्या-तुकड्यांनी चार दिवस दाखवला तर धागा तुटतो. आठ ते बारा मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. निवडताना तीन कसोट्या लावा. त्या प्रसंगात कोणीतरी काहीतरी मोजत, जुळवत किंवा नाकारत असावं. निकाल काय लागेल हे त्यातल्या माणसांना ठाऊक नसावं. आणि त्या प्रसंगामागचा पुरावा पदवीच्या विद्यार्थ्याला वाचता येईल असा असावा. पुरस्कार सोहळे, विरह, भाषणं या गोष्टी चित्रपटात सुंदर असतात, पण तासाला उपयोगी पडत नाहीत.

१९४३ सालच्या ‘मादाम क्यूरी’चं उदाहरण घ्या. अनेक वर्षं खनिज उकळून, गाळून, स्फटिक करून झाल्यावर शेवटच्या बशीत नुसता डाग उरतो. पती-पत्नी निराश होतात, आणि रात्री अंधारात तोच डाग चमकताना दिसतो. प्रसंग विसरता येणार नाही असा आहे. तो दाखवा, थांबवा आणि विचारा: या चमकण्यामुळे नवं मूलद्रव्य सिद्ध झालं का? चमक हे सिद्धतेचं साधन नव्हतं. रेडियम असल्याची घोषणा १८९८च्या डिसेंबरमध्येच झाली होती. तिला आधार होता किरणोत्साराच्या मोजमापांचा आणि वर्णपटात दिसलेल्या नव्या रेषेचा. ती रेषा तपासून देणारे होते वर्णपटतज्ज्ञ यूजीन दमार्से. पण रसायनशास्त्रज्ञांना हवा होता अणुभार. तो काढण्यापुरतं, म्हणजे एक दशांश ग्रॅम, रेडियम क्लोराइड हाती यायला १९०२ साल उजाडलं. मेरी क्यूरींनी त्यावरून काढलेला अणुभार २२५ होता; आज आपण २२६ मानतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा एवढा आकडा दिला, तरी पडद्यावरचा चमकणारा डाग आणि कागदावरचा अणुभार यांतलं अंतर त्यांना आपोआप कळतं.

नमुन्याचा एक तास: १९१९चं ग्रहण

पद्धत नीट कळावी म्हणून एका तासाची आखणी सविस्तर देतो. चित्रपट आहे बीबीसीचा ‘आइन्स्टाइन अँड एडिंग्टन’, २००८ सालचा. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनचं भाकीत २९ मे १९१९च्या खग्रास ग्रहणात तपासलं गेलं, त्याची ही कथा.

पहिली दहा मिनिटं चित्रपट लावूच नका. फळ्यावर दोन आकडे लिहा. सूर्याच्या कडेला लागून येणारा किरण आइन्स्टाइनच्या मते १.७५ विकला वळायला हवा. न्यूटनच्या विचाराने हिशेब केला तर त्याच्या निम्मा, ०.८७ विकला. मग त्यांच्याखाली ग्रहणाच्या प्लेटांवरून निघालेले तीन निकाल लिहा. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरच्या दुर्बिणीने दिलेला आकडा १.६१. ब्राझीलमधल्या सोब्राल गावी चार इंची भिंगाने दिलेला १.९८. आणि सोब्रालच्याच दुसऱ्या, मोठ्या दुर्बिणीने दिलेला ०.९३. वर्गाचे चार-चार जणांचे गट करा आणि सांगा: उद्या लंडनमध्ये शास्त्रज्ञांची सभा आहे, तुम्ही काय जाहीर कराल?

गट लगेच भांडू लागतात. कोणी सरासरी काढतो. कोणी म्हणतो, तिसरा आकडा न्यूटनच्या बाजूने जातो, तो लपवणं अप्रामाणिक ठरेल. कोणी विचारतो, दुर्बिणी कशा होत्या? हा प्रश्न आला की माहितीचा दुसरा हप्ता द्या. प्रिन्सिपेला ढग आले होते, कामाच्या ठरल्या त्या दोनच प्लेटा आणि त्यांवर पाचच तारे. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीसमोरचा आरसा उन्हाने तापून बिघडला आणि ताऱ्यांचे ठिपके पसरट आले. चार इंची भिंगाच्या सात प्लेटा मात्र रेखीव निघाल्या. आता पुन्हा विचारा. मतं बदलतात, आणि का बदलली हे मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं.

यानंतर चित्रपटातला निकालाचा प्रसंग लावा. तिथे प्लेटा एकमेकींवर ठेवून पाहिल्या जातात आणि ताऱ्यांच्या ठिपक्यांमधली फट उपस्थितांना दिसते. चित्रपट थांबवा आणि शेवटचं गणित द्या. प्रिन्सिपेच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर सुमारे ३.४ मीटर होतं, तर एक विकला म्हणजे प्लेटवर किती अंतर? उत्तर येतं मिलिमीटरच्या साठाव्या भागाच्या आसपास. म्हणजे सूक्ष्ममापकाखाली, अनेक ताऱ्यांची मोजणी करून, तापमानाने आणि यंत्राच्या मांडणीने पडलेला फरक वजा करूनच हे अंतर हाती येतं. दिग्दर्शकाला ते नजरेला दिसेल असं दाखवावं लागलं, यात त्याचा दोष नाही. पण आपल्या विद्यार्थ्याला दोन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत.

शेवटच्या पाच मिनिटांत पुढचा इतिहास सांगा. ६ नोव्हेंबर १९१९ला लंडनच्या संयुक्त सभेत निकाल जाहीर झाला, तिसरा आकडा वगळल्याचं निबंधात कारणासह नोंदवलं होतं. ग्रहणाचे वेध घेणाऱ्या एडिंग्टनने पूर्वग्रहाने आकडे निवडले, असा आक्षेप पुढे घेतला गेला. सोब्रालच्या त्याच प्लेटा १९७९मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेने नव्या यंत्राने पुन्हा मोजल्या, तेव्हा वगळलेल्या प्लेटांचाही निकाल आइन्स्टाइनच्या मूल्याजवळ आला. साठ वर्षांनी पुन्हा मोजता येतील अशा प्लेटा जपून ठेवणारेही त्या शोधाचे भागीदार आहेत, हे वर्गात आवर्जून सांगा.

या आखणीत चित्रपटाला दहाच मिनिटं मिळाली. पण आधी निर्णय घेऊन मगच तो प्रसंग पाहणारा विद्यार्थी निराळ्या डोळ्यांनी पाहतो. ‘आधी कोडं, मग पडदा’ हा क्रम शक्यतो मोडू नका.

डीएनए: कात्री, पुठ्ठा आणि एक छायाचित्र

जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या वर्गांसाठी मला सर्वांत उपयोगी वाटतो तो बीबीसीचा १९८७ सालचा ‘लाइफ स्टोरी’. डीएनएची रचना शोधण्याची ही गोष्ट. जेफ गोल्डब्लमने जेम्स वॉटसन आणि ज्युलिएट स्टीव्हन्सनने रोझलिंड फ्रँकलिन साकारली आहे. याला दोन तास द्या.

पहिल्या तासाला फसलेल्या प्रतिकृतीचा प्रसंग दाखवा. १९५१च्या अखेरीस वॉटसन आणि क्रिक यांनी तीन साखळ्यांची प्रतिकृती उभी केली, फॉस्फेट आतल्या बाजूला ठेवून. फ्रँकलिनचं व्याख्यान वॉटसनने ऐकलं होतं, पण पाण्याच्या प्रमाणाचा आकडा नीट ध्यानात ठेवला नव्हता. लंडनहून मंडळी पाहायला आली आणि फ्रँकलिनने ती प्रतिकृती जागच्या जागी मोडीत काढली. हा प्रसंग माझ्या दृष्टीने पूर्ण चित्रपटातला सर्वांत शैक्षणिक आहे. पुढे नोबेल मिळवणारी माणसं इतकी सपशेल चुकताना दिसतात, आणि चूक का होती हे पदवीच्या विद्यार्थ्याला समजतं. ऋणभारित फॉस्फेट गट मध्यभागी एकमेकांना चिकटून कसे राहतील? हा प्रश्न विचारा आणि उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

दुसऱ्या तासाला पुठ्ठ्याचे तुकडे आणि कात्र्या घेऊन जा. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन यांचे आकार मापात छापून आणा. त्यासोबत एर्विन शारगाफच्या मोजणीतले मानवी डीएनएचे आकडे द्या: अ‍ॅडेनिन ३०.९ टक्के, थायमिन २९.४, ग्वानिन १९.९, सायटोसिन १९.८. बाकी काही न सांगता जोड्या जुळवायला लावा. दोन मोठे तुकडे एकत्र आले की जोडी रुंद होते, दोन लहान आले की अरुंद. एक मोठा आणि एक लहान घेतला की दोन्ही जोड्यांची रुंदी सारखी येते, आणि टक्केवारीही तेच सांगत असते. हे हाताने अनुभवल्यावर वॉटसनच्या टेबलावरच्या पुठ्ठ्यांचा प्रसंग दाखवा. वॉटसनने आधी रेणूंची चुकीची रूपं धरली होती आणि ती चूक त्याच खोलीत काम करणाऱ्या जेरी डोनोह्यू या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिली, हे सांगायला विसरू नका. ते नाव पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतं.

पुरावा म्हणून ‘नेचर’चा २५ एप्रिल १९५३चा अंक वापरा. त्यात डीएनएवर लागोपाठ तीन निबंध आहेत. पहिला वॉटसन आणि क्रिकचा, जेमतेम दीड पानांचा. दुसरा फ्रँकलिनच्याच प्रयोगशाळेतल्या विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा. तिसरा फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांचा, ज्यात डीएनएचं क्ष-किरण छायाचित्र ‘फोटो ५१’ छापलं आहे. विद्यार्थी तिन्ही निबंध एकत्र पाहतात तेव्हा त्यांचे प्रश्न बदलतात. फोटो मे १९५२मध्ये गॉसलिंगने काढला होता. तो जानेवारी १९५३मध्ये विल्किन्सने वॉटसनला दाखवला, तोही फ्रँकलिनला न सांगता. हे योग्य होतं का? यावर वर्ग तावातावाने बोलेल. बोलू द्या, पण चर्चा ‘खलनायक कोण’ इथे अडकू देऊ नका. प्रयोगाचे आकडे कोणाचे असतात, अहवाल कोणी वाचावा, श्रेय कसं लिहावं, इथपर्यंत ती न्या. उद्या हीच मुलं एम.एस्सी.च्या प्रबंधात दुसऱ्याचे आकडे वापरणार आहेत.

चित्रपटही जुने होतात, हेही याच निमित्ताने सांगता येतं. २०२३मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या दोन अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे ‘नेचर’मध्ये लिहिलं की, फ्रँकलिन ही केवळ फसवली गेलेली व्यक्ती नव्हती, त्या शोधातल्या चौघांपैकी ती बरोबरीची एक होती. १९८७च्या पटकथाकाराला ही कागदपत्रं उपलब्ध नव्हती. फ्रँकलिन १९५८ साली वयाच्या ३७व्या वर्षी कर्करोगाने गेली. १९६२चं नोबेल इतर तिघांना मिळालं. मृत व्यक्तीला नोबेलसाठी निवडत नाहीत, हा नियमही मुलांना सांगावा, म्हणजे रागाला माहितीची जोड मिळेल.

वेळ कमी असेल तर अमेरिकेच्या हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने शिक्षकांसाठी बनवलेले लघुपट पाहा. डीएनएवरचा ‘द डबल हेलिक्स’ त्यात आहे, उत्क्रांतीवर आणि डायनासोरांच्या विनाशावरही आहेत. ते विनामूल्य उतरवून घेता येतात आणि एका तासात बसतात.

गणिताच्या वर्गासाठी रामानुजन

‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ हा २०१५ सालचा चित्रपट गणिताच्या शिक्षकांना आवडतो, पण पाहून झाल्यावर ‘गणित कुठे होतं?’ असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर विभाजनांच्या प्रसंगात आहे. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेत किती प्रकारे मांडता येते? चारसाठी पाच प्रकार, पाचसाठी सात. तासाच्या सुरुवातीला मुलांना सहाचे प्रकार मोजू द्या, अकरा येतात. सातचे पंधरा. दहापर्यंत गेलं की बेचाळीस, आणि तिथे कागदावर गोंधळ होतो. आता सांगा की गणितज्ञ मेजर मॅकमॅहन यांनी २००पर्यंतच्या संख्यांची विभाजनं हाताने मोजून काढली होती. २००साठीचं उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८. एवढ्या तयारीवर तो प्रसंग दाखवा. केंब्रिजचे हार्डी आणि रामानुजन यांच्या सूत्राची पहिली आठ पदं घेतली तरी त्याच संख्येशी ०.००४ एवढ्या फरकाने गाठ पडते, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही पार्श्वसंगीताने आणता येणार नाही.

याच चित्रपटात एक सवलत घेतली आहे ती मुलांकडून शोधून घ्या. पडद्यावर रामानुजनची पत्नी जानकी तरुण स्त्री आहे. प्रत्यक्षात १९१४ साली तो केंब्रिजला निघाला तेव्हा ती पंधरा वर्षांच्या आसपासची होती. प्रेमकथेसाठी बदललेलं वय त्या काळातल्या बालविवाहाचं वास्तव झाकतं. गणिताच्या वर्गात हा मुद्दा दोन मिनिटं घेतला तर बिघडत नाही.

संस्था शोधाचं काय करते

शोध लागल्यावर पुढे काय होतं, हा अभ्यासक्रमात नसलेला प्रश्न तपन सिन्हांच्या ‘एक डॉक्टर की मौत’ने विचारला. १९९०चा हा चित्रपट, पंकज कपूर आणि शबाना आझमी यांचा. कुष्ठरोगावरची लस शोधणाऱ्या डॉक्टरला वरिष्ठांचा मत्सर, चौकशी आणि खेड्यातली बदली पदरात पडते, आणि श्रेय परदेशी डॉक्टरांकडे जातं. कथेमागे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं आयुष्य आहे. त्यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ला भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. जगातली पहिली अशी मुलगी, लुईस ब्राउन, जन्मून जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा मानला नाही. १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं.

महाराष्ट्रातल्या वर्गासाठी या गोष्टीचा उत्तरार्ध फार महत्त्वाचा आहे. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून जन्मलेल्या बाळाला देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानलं गेलं. पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी आनंद कुमार यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बारकाईने तपासल्या आणि १९९७मध्ये ‘करंट सायन्स’मधून जाहीरपणे लिहिलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचं श्रेय स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देणारा हा शास्त्रज्ञ चित्रपटात नाही. चित्रपट त्याआधीच बनला होता. चौकशीचा प्रसंग दाखवून झाला की आनंद कुमार यांचा लेख वाचायला द्या, आणि दोन गोष्टी विचारा. समितीला पटावं म्हणून कोणता पुरावा लागला असता? आणि नोंदवह्या नीट ठेवल्या नसत्या तर एकोणीस वर्षांनी न्याय मिळाला असता का? प्रॅक्टिकलचं जर्नल का लिहायचं, याचं याहून प्रभावी उत्तर मला माहीत नाही.

एक दक्षता घ्या. मुखोपाध्यायांच्या शेवटाबद्दल साधेपणाने, तपशिलात न शिरता बोला. चर्चेनंतर एखादा विद्यार्थी अस्वस्थ वाटला तर त्याच्याशी स्वतंत्र बोला आणि कॉलेजच्या समुपदेशकाकडे जाण्याचा मार्ग त्याला सांगा.

पटकथेतल्या सवलती ओळखायला शिकवा

काही चित्रपट पाहून झाले की विद्यार्थ्यांना पटकथाकारांच्या सवयी दिसू लागतात. त्या नावानिशी सांगितल्या तर नजर लवकर तयार होते.

• अनेक माणसांचं एक पात्र. ‘हिडन फिगर्स’मधला नासाचा वरिष्ठ अधिकारी असा जोडून बनवलेला आहे, आणि त्याने स्वच्छतागृहाची पाटी फोडण्याचा प्रसंग कल्पित आहे.

• काल्पनिक प्रतिस्पर्धी. ‘रॉकेट बॉइज’ या मालिकेत भाभा आणि साराभाई खरे आहेत, रझा मेहदी हे पात्र कल्पित आहे.

• आधीच्यांचं काम गाळणं. ‘द इमिटेशन गेम’ पाहून ट्युरिंगने सगळं शून्यातून उभं केलं असं वाटतं. पोलंडच्या मारियन रेयेव्स्की आणि सहकाऱ्यांनी एनिग्मा १९३०च्या दशकातच फोडलं होतं आणि त्यांचं ज्ञान ब्रिटिशांना मिळालं होतं.

• पुराव्याशिवाय शोध बहाल करणं. ‘अगोरा’मध्ये हायपेशिया ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेपर्यंत पोहोचते. तसं दाखवणारा कोणताही ऐतिहासिक आधार नाही.

• सोपी उपमा. ‘मिशन मंगल’मध्ये विद्या बालनची तारा शिंदे गॅस बंद करून तापलेल्या तेलात पुऱ्या तळते आणि त्यावरून इंधन वाचवण्याची कल्पना निघते. भौतिकशास्त्राच्या वर्गात विचारा, ही उपमा कुठपर्यंत टिकते? मंगळयानाने पृथ्वीभोवती फिरताना पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी इंजिन चालवून कक्षा टप्प्याटप्प्याने मोठी केली. वेग जास्त असतो तिथे इंजिन चालवलं तर तेवढ्याच इंधनात ऊर्जा अधिक वाढते, हे गतिज ऊर्जेच्या सूत्रावरून दाखवता येतं. पुरीचं तेल यातलं काही सांगत नाही.

ही यादी चित्रपटांना नावं ठेवण्यासाठी वापरू नका. प्रत्येक सवलतीमागे कथेची काहीतरी गरज असते. ती गरज कोणती, हेही मुलांनी सांगावं. तेव्हाच टीकेत समज येते.

तयारीच्या गोष्टी

कायदा आधी पाहा. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला मुभा देतं, मात्र प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले पाहिजेत. तिकीट लावून किंवा बाहेरच्यांना बोलावून दाखवणं त्यात बसत नाही. ओटीटीचं वर्गणीदार होताना आपण मान्य केलेल्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. शक्य तिथे ग्रंथालयाने डीव्हीडी विकत घ्यावी. पायरेटेड प्रत वर्गात लावू नये. श्रेय आणि प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या तासाची सुरुवात तशी होऊ शकत नाही.

भाषेचा विचार करा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ब्रिटिश उच्चार पटकन कळत नाहीत. इंग्रजी उपशीर्षकं कायम चालू ठेवा. आदल्या दिवशी एक पानाचं मराठी टिपण वाटा: कोण कोण आहे, साल कोणतं, कोणता प्रश्न सुटायचा आहे, पाच-सहा तांत्रिक शब्द. प्रसंगाच्या मध्ये थांबवून भाषांतर करू नका. आधी सांगा, मग अखंड पाहू द्या.

प्रसंगाची वेळ मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. तासाच्या आधी त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर लावून पाहा. मागच्या बाकावर आवाज पोहोचतो का, पडद्यावर ऊन येतं का, बघा. वीज गेली तर छापील पुरावा हातात असतोच, तास तेवढ्यावरही होतो. पाहताना मुलांना टिपण काढायला लावू नका. पाहून झाल्यावर तीन मिनिटं शांतपणे लिहायला द्या आणि मगच चर्चा उघडा, म्हणजे नेहमी बोलणाऱ्या चौघांपलीकडचेही बोलतात.

इंटर्नलचे गुण द्यायचे असतील तर कथासार मागू नका, ते इंटरनेटवर तयार मिळतं. चार प्रश्न द्या. प्रसंगातला दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे? प्रत्यक्षात त्याला किती काळ लागला? कोणाचं काम पडद्यावर आलं नाही? निकाल उलटा लागला असता तर तो कशावरून ओळखला असता? दोन पानांचं उत्तर पुरेसं आहे.

विद्यार्थ्यांना पटकथा लिहू द्या

वर्षाच्या शेवटी भूमिका उलटी करा. गटांना दहा मिनिटांची पटकथा लिहायला सांगा आणि सोबत ‘आम्ही काय बदललं आणि का’ असं एक पान जोडायला लावा. विषय आपल्या परिसरातला असेल तर उत्तम.

एक विषय सुचवतो: हेलियम आणि विजयदुर्ग. किल्ल्यातले ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून सांगितलं जातं की, १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथेच हेलियम शोधला. नोंदी निराळी गोष्ट सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते, आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्यांनी तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या प्रा. नायगमवालांनी जेऊरहून घेतले. दरम्यान १८९५मध्ये विल्यम रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला होता. हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर, सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६वर, एवढ्या जवळच्या रेषा वेगळ्या कशा ओळखल्या, हा पटकथेचा खरा नाट्यबिंदू. प्रॅक्टिकलला सोडियमचा दिवा आणि वर्णपटमापक वापरणाऱ्या मुलांना तो हाताळताही येतो. पटकथा लिहिताना त्यांना ठरवावं लागतं: लोकप्रिय आख्यायिका ठेवायची की दोन देशांत आणि तीस वर्षांत पसरलेली सत्यकथा लिहायची? नाट्य आणि सत्य यांची ओढाताण एकदा स्वतः अनुभवली की दुसऱ्यांचे चित्रपट पाहताना ती कायम लक्षात राहते.

पुढच्या महिन्यात एकच तास घ्या. आपल्या विषयातला एक प्रसंग, एक पान पुरावा आणि चार प्रश्न. विभागातल्या सहकाऱ्यांनी असाच एकेक तास तयार केला, तर वर्षअखेरीस सहा-सात तासांचा संच ग्रंथालयात जमा होईल आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. या तासांतून गेलेल्या विद्यार्थ्यासमोर उद्या एखाद्या औषधाच्या चमत्काराची बातमी येईल, एखादा व्हिडिओ ‘शास्त्रज्ञही थक्क’ म्हणून फिरत येईल. तेव्हा हे कोणी मोजलं, किती वेळा मोजलं आणि दुसऱ्या कोणाला तेच मिळालं का, असं त्याने सवयीने विचारावं. एवढं साधण्यासाठी पदवीची तीन वर्षं आपल्या हातात असतात. ती कारणी लावू या.